जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये दुसरं इंजिन बसवताना: कायदा आणि उत्सर्जनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाडीत दुसरं इंजिन टाकणं मुळात बेकायदेशीर आहे का?

नाही. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, जर्मनीत, सगळीकडे इंजिन बदलता येतं आणि तशी गाडी रस्त्यावर राजरोस चालवता येते. अडचण येते ती बदल अर्धवट केल्यामुळे. मालकाच्या डोक्यात इंजिन म्हणजे ब्लॉक, हेड आणि आवाज असतो. कायदा बघतो ती अख्खी यंत्रणा: हवा आत येते तिथपासून धूर बाहेर पडतो तिथपर्यंत, शिवाय पेट्रोलच्या टाकीतून उडणारी वाफसुद्धा. म्हणून जुनं इंजिन बाहेर काढण्याआधी, गाडी अजून धावती असताना, नवं इंजिन कागदावर बसतंय का हे बघा. फेरफार केलेल्या गाड्यांचे बहुतेक तंटे इथेच, पहिल्याच पायरीवर टाळता येतात.

माझी गाडी इतकी जुनी आहे की तिची तपासणीच होत नाही. मग नियमांचा प्रश्न येतोच कुठे?

येतो. सगळ्यात जास्त गैरसमज याच बाबतीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तपासणीतून सूट मिळणं वेगळं आणि कायद्यातून सूट मिळणं वेगळं. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना ‘स्मॉग चेक’, म्हणजे धुराची तपासणी, लागत नाही. पण त्या गाडीवर कारखान्यातून जी उत्सर्जन-साधनं आली, ती काढायची मुभा त्यातून मिळत नाही. राज्याच्या व्हेइकल कोडचं कलम २७१५६ सूट मिळालेल्या गाडीलाही लागू आहे. वर केंद्रीय पातळीवर ‘क्लीन एअर ॲक्ट’ आहे आणि त्यातली उत्सर्जन-साधनांच्या छेडछाडीवरची बंदी देशभर लागू आहे, राज्यात तपासणी होत असो वा नसो.

एकाच घराण्यातल्या दोन गाड्या घेतल्या की फरक चटकन कळतो. डॅटसन २४०झेड ही १९७० ते १९७३ ची गाडी. सहा सिलिंडरचं २.४ लिटरचं एल२४ इंजिन, वर दोन कार्ब्युरेटर. तिला कॅलिफोर्नियात तपासणी नाही. तिचीच पुढची आवृत्ती २८०झेड १९७५ मध्ये बॉशच्या फ्युएल इंजेक्शनसह आली. यातली १९७५ ची गाडी सुटते, १९७६ ची अडकते. लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. पण इंजिन बदलायचं असेल तर या एका वर्षाने सगळं बदलतं: एकीचा मालक मुख्यतः स्वतःच्या सदसद्विवेकाला आणि कायद्याला जबाबदार असतो, दुसरीच्या मालकाला दर दोन वर्षांनी गाडी यंत्रावर चढवावी लागते. इंजिन बदलायच्या हेतूने गाडी शोधत असाल, तर रंग आणि गंज बघण्याआधी मॉडेलचं वर्ष बघा.

‘त्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं इंजिन’ हा नियम नेमका काय आहे?

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं धोरण थोडक्यात असं: बदलानंतर तुमची गाडी एखाद्या प्रमाणित, म्हणजे उत्सर्जनाच्या मानकांवर मंजूर झालेल्या, गाडीसारखी झाली पाहिजे, आणि ती प्रमाणित गाडी तुमच्या चासीच्या मॉडेल-वर्षाइतकी किंवा त्याहून नवी हवी. म्हणजे १९७८ च्या चासीत १९९९ चं इंजिन चालेल, १९७० चं चालणार नाही. अनेकांना हे उलटं वाटतं. जुन्या गाडीत तिच्याच काळातलं दमदार व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, टाकलं तर त्यात काय वावगं, असं ते विचारतात. पण १९७५ पासून बहुतेक अमेरिकन गाड्यांवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा, थोडक्यात ‘कॅट’) आला. त्याआधीचं इंजिन नंतरच्या गाडीत बसवणं म्हणजे उत्सर्जनाच्या बाबतीत मागे जाणं.

‘प्रमाणित’ हा शब्दही नीट वाचायला हवा. ट्रायम्फ टीआर६ ब्रिटनमध्ये फ्युएल इंजेक्शनसह विकली गेली, अमेरिकेत मात्र कार्ब्युरेटरसह आणि बऱ्याच कमी ताकदीची. अमेरिकन मालकाला वाटतं, ब्रिटिश इंजेक्शनवालं इंजिन आणून बसवू, कारखान्याचंच तर आहे. पण ती रचना अमेरिकेत प्रमाणित झालेली नव्हती, त्यामुळे ते बसत नाही. जपानी बाजारासाठी बनलेल्या इंजिनांचंही तेच. निसानचं आरबी२६ जुन्या झेडमध्ये शोभतं, झेडप्रेमींना ते मनापासून हवं असतं, पण अमेरिकेत त्याची प्रमाणित रचना दाखवायला गेलात की हात रिकामे राहतात.

केंद्रीय उत्सर्जन मानकं १९६८ च्या मॉडेलपासून सुरू झाली. त्याआधीच्या चासीला केंद्राकडून मोकळीक खूप जास्त आहे.

ट्रकचं इंजिन चालेल का? स्वस्त मिळतं.

ते कोणत्या वर्गात प्रमाणित झालं होतं त्यावर ठरेल. जड वाहनासाठी किंवा मोटरहोमसाठी प्रमाणित झालेलं इंजिन कारमध्ये चालत नाही. ब्लॉक हुबेहूब तोच असला तरीही, कारण जड वर्गाची मानकं निराळी होती. भंगारातून इंजिन उचलण्याआधी ते कुठल्या गाडीतून निघालं हे विचारा, आणि त्या गाडीचा चासी नंबर लिहून घ्या. नंबर द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर इंजिन तिथेच राहू द्या.

इंजिनासोबत काय काय आणावं लागतं?

एका वाक्यात: डोनर गाडीत, म्हणजे ज्या गाडीतून इंजिन काढलं तिच्यात, त्या इंजिनाच्या उत्सर्जनासाठी जे जे होतं ते सगळं.

समजा, तुम्ही १९७७ च्या गाडीत २००४ चं ॲल्युमिनियम व्ही८ टाकताय. इंजिन आणि गिअरबॉक्स सगळेच आणतात. त्यासोबत मूळ ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक हवा, अखंड वायरिंग हार्नेस हवा, एअर फ्लो मीटर हवा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मूळचे हवेत, किंवा मंजुरीचा क्रमांक असलेले. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच प्रकारचे हवेत आणि इंजिनापासून साधारण तेवढ्याच अंतरावर हवेत, कारण कॅट २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पोचल्याशिवाय कामाला लागत नाही. दोन हात मागे सरकवला तर थंड इंजिनाचा सगळा धूर न शुद्ध होता निघून जातो. कॅटच्या पुढचे आणि मागचे, दोन्हीकडचे ऑक्सिजन सेन्सर लागतात. मागचा सेन्सर इंजिन चालवण्यासाठी जवळपास लागत नाही, तो कॅट जिवंत आहे की मेला ते सांगतो. म्हणून तो गाळण्याचा मोह होतो, आणि तपासणीत तोच आधी विचारला जातो.

मग येते टाकी. लोक इथे दमतात. १९९६ पासून अमेरिकेत ओबीडी-२, म्हणजे बिघाड स्वतः ओळखून त्याचे कोड नोंदवणारी यंत्रणा, सक्तीची झाली, आणि त्या पिढीचा ईसीयू टाकीतल्या वाफेवरही लक्ष ठेवतो. वाफ शोषणारा कोळशाचा डबा, पर्ज व्हॉल्व्ह, व्हेंट व्हॉल्व्ह, टाकीतला दाब मोजणारा सेन्सर, नीट बसणारं झाकण, हे सगळं जुन्या टाकीला जोडावं लागतं. ट्यून करणारा म्हणतो, ‘ते कोड मी बंद करून देतो.’ कोड बंद केला की दिवा लागत नाही हे खरं, पण ती छेडछाडच ठरते. आणि उन्हात उभी असलेली गाडी नुसत्या वाफेतूनही हायड्रोकार्बन सोडत राहते. गॅरेजमध्ये येणारा तो पेट्रोलचा वास अनेकांना जुन्या गाडीची ओळख वाटतो. खरं तर तिथे एक डबा आणि दोन नळ्या कमी असतात.

कॅलिफोर्नियातला ‘रेफरी’ काय बघतो?

इंजिन बदललेली गाडी नेहमीच्या स्मॉग केंद्रावर नेऊन भागत नाही, आधी रेफरीकडे, म्हणजे अशा गाड्यांसाठी नेमलेल्या खास तपासनिसाकडे, न्यावी लागते. तो बॉनेट उघडतो तेव्हा त्याच्या हातात टॉर्च आणि आरसा असतो. आधी ब्लॉकवरचा कास्टिंग नंबर, मग डोनर गाडीच्या कागदांशी मेळ. मग त्या वर्षाच्या इंजिनाला काय काय लागतं याची यादी, आणि एकेक वस्तू जागेवर आहे का, जोडलेली आहे का, चालते का. स्कॅनर जोडायचा डायग्नोस्टिक सॉकेट हाताला येईल असा हवा. चावी फिरवली की ‘चेक इंजिन’चा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. डॅशबोर्ड १९७७ चा असला तरी तो दिवा त्यात बसवावाच लागतो.

एअर फिल्टर, हेडर, थ्रॉटल बॉडी यांसारखा बाजारातला भाग लावला असेल तर त्यावर राज्याच्या हवा मंडळाचा, म्हणजे कार्बचा ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर’ क्रमांक लागतो. हा क्रमांक ठरावीक गाड्यांसाठी किंवा इंजिनांसाठी दिलेला असतो, तेव्हा खोक्यावर नंबर दिसला म्हणून खूश होऊ नका, तो तुमच्या इंजिनाला लागू आहे का ते वाचा.

सगळं जुळलं की रेफरी गाडीला एक लेबल लावतो. त्यानंतर गाडी कुठल्याही स्मॉग केंद्रावर जाऊ शकते, आणि तपासणारा मूळ गाडीऐवजी त्या लेबलवरच्या इंजिनाप्रमाणे तपासतो. विकायची वेळ आली तर या लेबलाची किंमत कळते.

धूर स्वच्छ आला, आकडे मर्यादेत होते, तरी नापास का केलं?

कारण तपासणीचे तीन भाग असतात: नळीतून काय येतं, डोळ्यांना काय दिसतं, आणि काय चालतं. पहिल्यात पैकीच्या पैकी मिळवूनही दुसऱ्यात अडकता येतं. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) गायब असेल तर त्या दिवशीचे आकडे कितीही चांगले असोत, उपयोग नाही.

हे अन्यायाचं वाटतं, ते मी समजू शकतो. पण त्यामागे कारण आहे. कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांची रोलरवरची चाचणी ताशी १५ आणि २५ मैल वेगाला होते. गाडी तापलेली असते, भार ठरलेला असतो. थंडीतली पहिली तीन मिनिटं, चढ, जोरात मारलेला ॲक्सिलरेटर, यांतलं काहीच तिथे मोजलं जात नाही. ती उणीव साधनांची यादी भरून काढते.

मोठा कॅमशाफ्ट, मोठे कार्ब्युरेटर, हे सगळं सोडून द्यायचं का?

१९७५ नंतरच्या आणि तपासणी लागणाऱ्या गाडीत, बव्हंशी हो. कारण समजून घ्या. कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. जास्त ओव्हरलॅपच्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात, आणि आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असतं तेव्हा, न जळलेलं पेट्रोल सरळ एक्झॉस्टमध्ये जातं. तो डगमगता, गुरगुरता आयडल ऐकायला छान असतो, आणि तोच हायड्रोकार्बनचा आकडा वर नेतो. कार्ब्युरेटरला पेट्रोलची मोठी छिद्रं, म्हणजे मोठे जेट, लावले की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. मिश्रण फार पातळ केलं की मिसफायर होतो आणि हायड्रोकार्बन पुन्हा वर. कॉम्प्रेशन आणि टायमिंग वाढवलं की ज्वलनाचं तापमान चढतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात.

तीन-मार्गी कॅट या तिन्ही गोष्टींशी एकदम झुंजतो, पण एकाच अटीवर: हवा आणि पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास, अगदी अरुंद पट्ट्यात राहिलं पाहिजे. ते काम कार्ब्युरेटरला जमत नाही. ऑक्सिजन सेन्सरचं वाचन घेऊन सेकंदात अनेकदा मिश्रण सुधारणाऱ्या ईसीयूला जमतं. व्होल्वोने १९७७ च्या मॉडेलवर कॅलिफोर्नियात ही जोडी आणली, आणि आजची पेट्रोल इंजिनं त्याच तत्त्वावर चालतात. म्हणून मी आग्रहाने सांगतो, आधुनिक इंजिन घ्या आणि त्याला त्याच्या मेंदूसकट घ्या. वरचं इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवणारे लोक त्या इंजिनातली सगळ्यात चांगली गोष्ट फेकून देतात.

कॅटमुळे ताकद कमी होते ना?

१९७५ च्या गोळ्या भरलेल्या कॅटमुळे होत होती. १९७५ च्या कॉर्व्हेटचं सगळ्यात साधं इंजिन १६५ हॉर्सपॉवरवर आलं होतं, आणि कॅटची बदनामी तेव्हाची आहे. त्यात भर म्हणजे १९७२ च्या सुमारास अमेरिकन कंपन्या ‘ग्रॉस’ (सुट्या इंजिनाच्या) ऐवजी ‘नेट’ (गाडीतल्या सगळ्या जोडणीसह मोजलेले) आकडे छापू लागल्या, त्यामुळे कागदावरची घसरण प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसते. आजच्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीच्या कॅटमधला फरक रस्त्यावर जाणवत नाही. कॅटला खरी भीती आहे ती शिसं असलेल्या पेट्रोलची, तेल पिणाऱ्या इंजिनाची आणि मिसफायरची.

सगळं जमवण्याऐवजी तयार मंजूर इंजिन मिळतं का?

मिळतं. जनरल मोटर्सने ‘ई-रॉड’ नावाने असे संच काढले: इंजिन, ईसीयू, हार्नेस, कॅट, ऑक्सिजन सेन्सर, वाफेचा डबा, अगदी ॲक्सिलरेटर पेडलसुद्धा एकत्र, आणि त्यावर कार्बची मंजुरी. ओबीडी-२ च्या आधीच्या गाड्यांसाठी ही मंजुरी आहे. संच महाग पडतो, पण सुटे भाग गोळा करण्यात जाणारे महिने हिशेबात धरले तर तितका महाग राहत नाही. अट एकच: संच जसा आला तसाच बसवायचा. त्यात एक कॅम बदलला की मंजुरी गेली.

ब्रिटनमध्ये काय नियम आहेत?

बऱ्याच बाबतीत सैल, आणि एका बाबतीत अमेरिकेच्या अगदी उलट. एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याच्या वार्षिक तपासणीत १ ऑगस्ट १९७५ च्या आधी वापरात आलेल्या पेट्रोल गाडीचा फक्त दिसणारा धूर बघतात. त्यानंतर जुलै १९८६ पर्यंतच्या गाडीला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के चालतो, पुढच्यांना ऑगस्ट १९९२ पर्यंत ३.५ टक्के. आणि जुन्या गाडीत तिच्याहूनही जुनं इंजिन असेल, व त्याच्या वयाचा पुरावा असेल, तर इंजिनाच्या वयाप्रमाणे तपासणी होते. अमेरिकेत जुनं इंजिन टाकणं बंद, ब्रिटनमध्ये त्याने परीक्षा सोपी होते.

चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला मे २०१८ पासून एमओटीच लागत नाही, पण गेल्या तीस वर्षांत तिच्यात मोठा बदल झालेला नसेल तर. त्याच मॉडेलला कारखान्याने दिलेलं दुसरं इंजिन मोठा बदल धरत नाहीत. सिलिंडरची संख्याच बदलली तर मात्र तो बदल मोठा ठरण्याची शक्यता बरीच आहे. इंजिन नंबर, क्षमता किंवा इंधन बदललं की डीव्हीएलए या वाहन नोंदणी कार्यालयाला कळवून नोंदणीपत्र दुरुस्त करून घ्यावंच लागतं, आणि विमा कंपनीलाही सांगावं लागतं.

आणि जर्मनीत?

तिथे इंजिन बदलून नोंद केली नाही तर गाडीचा वापर-परवानाच रद्द होतो. आधी अधिकृत तपासनिसाशी बोला, मग पाना उचला. उत्सर्जनाचा दर्जा मूळपेक्षा खाली जाता कामा नये. तीस वर्षांपुढच्या गाडीला मिळणारी ‘एच’ पाटी हवी असेल तर प्रश्न आणखी नाजूक होतो: बदल त्या काळाला साजेसा हवा, म्हणजे गाडी बनल्यानंतरच्या साधारण दहा वर्षांत तसा केला जात होता हे दाखवता यायला हवं. एच पाटी असली की शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांत, जिथे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असते, प्रवेश मिळतो. आधुनिक इंजिन टाकून ती घालवणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

इंजिन बदललं की गाडी ‘क्लासिक’ राहते का?

कारखान्यांनीच हा उद्योग केला आहे. सनबीम टायगरमध्ये १९६४ पासून फोर्डचं व्ही८ होतं. एमजीबी जीटी व्ही८ १९७३ ते १९७६ या काळात २,५९१ बनल्या, त्यातलं रोव्हरचं इंजिन मुळात ब्युइकचं. ॲल्युमिनियमचं असल्यामुळे दुप्पट सिलिंडर असूनही गाडीचं नाक फारसं जड झालं नाही. साध्या एमजीबीत रोव्हर व्ही८ टाकणाऱ्याला म्हणूनच मी पूर्ण पाठिंबा देतो: जागा बसते, वजन बसतं, इतिहास बसतो. मूळ इंजिन मात्र विकू नका. तेल लावून, झाकून, नंबरासह ठेवून द्या.

शेजारच्या राज्यात नोंदणी करून काम भागवता येईल का?

राहता एकीकडे आणि नोंदणी दुसरीकडे, ही फसवणूक आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी तेच आधी शोधते. ‘गाडी फक्त ट्रॅकसाठी आहे’ हे कारणही तसंच. खरोखर ट्रेलरवरून नेणार असाल तर नोंदणी सोडून द्या. रस्त्याची पाटी आणि ट्रॅकची सबब एकत्र चालत नाही. प्रमाणित रोडकारची रेसिंग कार करण्याबद्दलही ईपीएची भूमिका कडक आहे.

इलेक्ट्रिक मोटर टाकली तर?

इंजिन, टाकी, एक्झॉस्ट सगळं निघाल्यामुळे धुराचा प्रश्नच उरत नाही, पण नोंदणीवर इंधन बदलून घ्यावं लागतं. वजन कुठे बसतंय, ब्रेक पुरतात का आणि बॅटरी कशी बांधली आहे, यांवर मग सगळं ठरतं.

आधीच इंजिन बदललेली गाडी विकत घेतोय. काय बघू?

रेफरीचं लेबल किंवा दुरुस्त केलेलं नोंदणीपत्र. नुसतं ‘गेल्या वेळी पास झाली’ हे पुरेसं नाही. डोनर गाडीचा चासी नंबर, इंजिन खरेदीची पावती, सुट्या भागांच्या मंजुरीचे क्रमांक, हे एका फाइलमध्ये असतील तर विक्रेता काळजी घेणारा आहे असं समजा. मग स्कॅनर लावा आणि तयारीचे मॉनिटर, म्हणजे ईसीयूने स्वतः घेतलेल्या चाचण्या पूर्ण झाल्या आहेत का, ते बघा. सगळे ‘नॉट रेडी’ असतील तर कोणीतरी नुकतेच कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे. मालकाला सांगा, चार दिवस गाडी नेहमीसारखी चालवा, मी परत येऊन बघतो. शेवटी गाडीखाली वाका आणि दोन ऑक्सिजन सेन्सर मोजा. मागच्या सेन्सरच्या जागी बुच असेल तर बाकीची यादीही तपासायला हवी, आणि किमतीतून अख्ख्या एक्झॉस्टचा खर्च वजा करूनच बोलणी सुरू करा.